मागे काय बसणार

कॅरिअरबरोबर आलेले चार बोल्ट
कागदाच्या पुडीत बांधून मी गेले
गणपती पेठेच्या मागच्या बोळात,
दस्तगीर शिकलगारांच्या दुकानी.
त्यांनी पुडी नीट उघडलीही नाही.
एक बोल्ट काढला, व्हाइसमध्ये धरला,
पान्याच्या शेपटीनं दाबला.
वाकला.
"हे लोखंड नव्हे बाई. शेवई आहे."

मग विचारलं, "मागे काय बसणार?"
मी म्हटलं, सामान.
का म्हटलं कुणास ठाऊक.
दहा रुपये वाचतील म्हणून असेल,
किंवा काउंटरपाशी उभे असलेले तिघं जण
माझ्या उत्तराची वाट बघत होते म्हणून.

त्यांनी स्टीलचे चार मोजले.
चकचकीत. कधी गंजणार नाहीत,
भाजीच्या पिशवीला आयुष्यभर पुरतील.
मी पाकीट उघडलं. नखांत प्लास्टर होतं.
विश्रामबागेत कवळ्यांच्या लॅबमध्ये असते मी,
लोकांच्या जबड्यांचे साचे ओतते,
वरची ओळ खालच्या ओळीवर बसते का
ते मध्ये निळा कागद धरून बघते.
एक दात केसाएवढा उंच राहिला
तर माणूस भाकरी सोडतो,
आणि सांगत नाही कुणाला.

"सामान नाही," मी म्हटलं.
"मुलगी. साडेतीन वर्षांची.
चौदा किलो. बसल्या बसल्या झोपते."

ते रागावले नाहीत.
चारही बोल्ट पुन्हा बरणीत टाकले,
एकेक, आवाज करत.
स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा डबा काढला.
आत काळे बोल्ट, तेलकट,
प्रत्येकाच्या डोक्यावर उठलेला आकडा:
आठ पॉइंट आठ.
"वाचा. ज्याच्या डोक्यावर काही लिहिलेलं नाही
त्याच्या भरवशावर पोर बसवायची नाही."

मग मला बाहेर नेलं, सायकलजवळ, उन्हात.
साखळीकडचा आखूड, बारा मिलिमीटर.
एक आटा जरी आत जास्त निघाला
तरी साखळी त्याला चाटत राहते.
पलीकडचा लांब चालेल, आतून नायलॉनचा नट.
वायसर विसरायचा नाही.
"आणि पहिले तीन आटे बोटांनीच.
पान्याला हात लावायचा नाही तोवर.
बोटांना गेला नाही तर बाहेर काढा, पुन्हा लावा.
जबरदस्तीनं बसतो तो. पण बसलेला नसतो."
आठवड्यानं पुन्हा आवळा.
गंजेल हा. ग्रीस लावत जा.
"कधी?"
"पाडव्याला लावा. लक्षात राहतं."

बत्तीस रुपये.
पाचवा बोल्ट त्यांनी न विचारता टाकला पुडीत.
तो अजून माझ्या पाकिटात आहे,
सुट्या पैशांत एक रुपया समजून
दोनदा रिक्षावाल्याला देता देता राहिलाय.

तीन पाडवे झाले.
परवा आयर्विन पुलावर, सांगलवाडीकडून येताना,
मागून स्वरांजली ओरडली,
"आई, हलतंय!"

ब्रेक. पाय खाली. मागे रिक्षांचे हॉर्न.
तिला तशीच बसवून, एका हातानं हँडल धरून
मी वाकले. डावीकडचा चाचपला.
साखळीकडचा. मग सीटखालचे दोन,
नखानं, अंगठ्यानं, मग सगळा जोर लावून.
हाताला काळं आलं.
एकही हलेना.

"ते नाही गं," ती म्हणाली. "हे."
आणि आ करून, जिभेनं ढकलून
खालचा पुढचा दात दाखवला.

त्याच बोटानं मी तो हलवून पाहिला.
डावीकडे थोडा, उजवीकडे जास्त.
रोज दात बसवणारी बाई मी,
मला सुचेना काय बोलावं.

"पाना आहे ना तुझ्याकडे?" तिनं विचारलं.
मग तोंड वेडंवाकडं केलं,
ग्रीस घाण लागतं म्हणाली,
आणि कठड्यावरून कृष्णेत थुंकली.